मध्यंतरानंतरची गर्दी

नाशिकच्या त्या मॅचमधून मी मध्यंतरालाच उठून गेलो होतो. हे मी कुणालाच सांगितलं नाही. पुढं जेव्हा मला साक्षीदार म्हणून विचारलं गेलं, तेव्हा शेवटपर्यंत बसलेल्या माणसाच्या ऐटीत मी उत्तर दिलं. त्या उत्तरानं एका माणसाची शहरभर नाचक्की झाली. तुम्ही जे कोल्हापुरातच राहिलात आणि जे माझ्यासारखे पुण्याला, बंगळुरूला, आखातात पांगलात, त्यातल्या बऱ्याच जणांनी ते उत्तर तेव्हा वाचलं. म्हणून हेही वाचा.

मी कोल्हापूर सोडलं त्या संध्याकाळी आमच्या तालमीची फायनल होती. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे, तिचा फुटबॉलचा संघही असतो, आणि पेठेतलं पोर जन्मतः त्या संघाचं असतं. मला नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, सकाळी हजर व्हायचं होतं. बॅग घेऊन मी स्टेडियमवर आबांचा, म्हणजे वडिलांचा निरोप घ्यायला गेलो. आबा गुळाच्या अडतीवर हमाली करायचे. गॅलरीतल्या दगडी पायऱ्या उन्हानं तापतात म्हणून बसायला बारदानाची एक घडी नेहमी बरोबर आणायचे. त्या घडीला गुळाचा वास यायचा.

"आबा, निघतो. स्टँडपर्यंत येता?"

त्यांनी मैदानावरची नजर काढली नाही. "शिट्टी झाल्याबिगर मी उठत न्हाई, तुला ठाव हाय. पोचलास की कळव."

हा आमच्या गॅलरीचा नियम होता. हरत असू, जिंकत असू, पाऊस येवो, शेवटची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही. ते मला ठाऊक होतं. तरीही बस स्टेडियमच्या मागच्या रस्त्यानं निघाली आणि खिडकीतून एकदम मोठा गलका आला, तेव्हा माझे डोळे भरले. गोल कुणाचा झाला तेही मला कळलं नाही. ते कळायला नाशिकला पोचून फोन करावा लागला. आबांना मी जास्त की मॅच जास्त, ही शंका मी त्या बसमध्ये घेतली आणि पुढं कित्येक वर्षं उराशी धरून ठेवली.

शंका घेणं हेच पुढं माझं पोटापाण्याचं साधन झालं. मी क्वालिटीत आहे. मशीनवरून उतरलेला प्रत्येक पार्ट बरोबर सिद्ध होईपर्यंत चूक मानायचा, असं माझं काम. सुरुवातीला ही सवय कंपनीच्या गेटवर ठेवून घरी जायचो. हळूहळू ती माझ्याबरोबर इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, कोल्हापूरहून अवेळी येणारा फोन, सगळ्यांवर माझा तपासणीचा गेज लागायचा. बायको म्हणायची, "तुम्हाला कुणी चहाला बोलावलं तरी तुम्ही विचारणार, का बोलावलं."

नाशिकनं मला वाईट वागवलं नाही. इथली थंडी मला आवडली. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडचे सहकारी पेटी आणून टेबलावर ठेवायचे आणि घरी न्या म्हणून मागं लागायचे. पण सोसायटीत मी 'कोल्हापूरवाले' आणि कोल्हापुरात गेलो की 'नाशिकवाले'. दोन्ही शब्दांत कुणाचा वाईट हेतू नव्हता, हे आज म्हणतो. तेव्हा मात्र दोन्ही मला टोचायचे.

मग मी काय करायचो, तर इथं बसून तिथल्या गर्दीच्या बढाया मारायचो. माझ्या शेजारच्या टेबलावर रामदास होता, चांदवडचा, घरी कांद्याची शेती. कँटीनमध्ये मी त्याला सांगायचो की आमच्याकडं फायनलला स्टेडियम भरतं, मग भिंती भरतात, मग आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्या भरतात.

"फुटबॉलला?" रामदास म्हणायचा. "विजूभाऊ, आमच्याकडं कांद्याच्या लिलावाला येवढी माणसं नाय येत. तिथं तर पोटाचा प्रश्न हाये."

"तुला काय कळणार."

"नाय कळत म्हणूनच इचारतो ना. मोजली कोणी?"

हाच खरा प्रश्न होता. आमच्या गर्दीचा विक्रम कोणत्या फायनलचा, यावर आमच्या शहरात दोन पेठांचं एकमत कधी झालेलं नाही. प्रत्येक पेठेला विचाराल तर विक्रमी गर्दी तिच्याच संघाच्या मॅचला झालेली असते, आणि दुसऱ्या पेठेच्या मॅचला म्हणे फुकट पास वाटले होते. व्हॉट्सॲप आल्यापासून हे भांडण रोजचंच झालं. आमचा एक मोठा ग्रुप आहे, त्यात सगळ्या तालमींचे जुने सपोर्टर आहेत. त्यात नवा वाद निघाला, बाहेरगावच्या मॅचला कुणाची माणसं जास्त जातात. घरच्या स्टेडियमवर काय, कुणीही चालत येतं. खरा सपोर्टर तो, जो परगावी उभा राहतो. हे सगळ्यांना मान्य होतं. तो आपणच, हेही सगळ्यांना मान्य होतं.

आबा या वादात कधी पडले नाहीत. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "गर्दी मोजायची तर शिट्टी झाल्यावर मोजावी. त्याच्या आधी असत्यात ते प्रेक्षक. मागनं उरत्यात ते आपलं." आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. हे वाक्य मला पाठ होतं. उपयोगी मात्र पडलं नाही.

एका हिवाळ्यात नाशिकला निमंत्रितांची स्पर्धा भरली आणि आमची तालीम खेळायला येणार असं ठरलं. संभाचा फोन आला. संभाजी हा माझ्या गल्लीतला, माझ्याच वयाचा. गॅलरीत आबांच्या एका बाजूला मी बसायचो, दुसऱ्या बाजूला तो. मी गेल्यावर माझ्याही बाजूला तोच बसला असणार. आता तालमीच्या सपोर्टरांचा म्होरक्या तोच.

"विज्या, गाड्या भरून येतोय. नाशिक हलवून सोडतो बघ."

"ये की."

"रविवारी घरात हाईस न्हवं?"

एवढाच प्रश्न. मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यापासून तो प्रश्न तपासायला लागलो. घरात हाईस न्हवं, म्हणजे काय? म्हणजे मॅच झाली की ही सगळी पलटण माझ्या फ्लॅटवर येणार. गच्चीवर पथाऱ्या पसरणार, जिन्यात हलगी वाजणार, सेक्रेटरी नोटीस काढणार. मी बायकोला म्हणालो, "संभाला माझी आठवण नाही आली, माझ्या गच्चीची आलीय."

ती म्हणाली, "विचारा ना मग सरळ."

मी विचारलं नाही. संशय घेणाऱ्या माणसाला सरळ विचारणं जमत नाही. उत्तर खरं आलं तर काय करायचं, याची त्याला भीती असते.

रविवारी मी रामदासला घेऊन मैदानावर गेलो. त्याला गर्दी दाखवायची होती. तालमीचा टी-शर्ट अंगात घातला होता, पण वरून जॅकेट, आणि चेन गळ्यापर्यंत. आमच्या लोकांसाठी समोरची बाजू राखलेली होती. तिथं बांबूचं कुंपण होतं आणि मागं कडुनिंबाची झाडं. आणि माणसं? एका जीपमधून आलेली मूठभर. संभा त्यांच्यात नव्हता. मी तिकडं गेलो नाही. मंडपाखाली, आयोजकांच्या बाजूला, रामदासशेजारी बसून राहिलो.

मॅच सुरू झाली तरी ती बाजू रिकामीच. रामदासला राहवलं नाही.

"विजूभाऊ, तुमचे भिंतीवरचे लोक कुठं हायेत? का त्यांना भिंत घेऊन यायला उशीर झाला?"

मागच्या रांगेतली दोघं हसली. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. माझा फोन दोनदा थरथरला. संभाचं नाव होतं. मला वाटलं, आता हा घराचा पत्ता विचारणार. मी फोन बंद केला. मध्यंतराची शिट्टी झाली, तेव्हा उन्हं अजून चांगलीच वर होती. "घरी काम आहे," असं रामदासला सांगून मी उठलो. हसं झालं म्हणून उठलो की पाहुणे टाळायला उठलो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दोन्ही असावं. गेटमधून स्कूटर बाहेर काढताना दोन बस हॉर्न वाजवत आत वळत होत्या. कुणाच्या तरी लग्नाच्या असतील, असं समजून मी मान वर केली नाही. हेल्मेट होतंच.

आम्ही ती मॅच टायब्रेकरवर हरलो. मला ते ग्रुपवर कळलं. पाहुणे म्हणून कुणी घरी आलं नाही. संध्याकाळी संभानं ग्रुपवर एक फोटो टाकला. तालमीच्या रंगाच्या शर्टांनी गच्च भरलेली बाजू, पुढं हलगीवाले, आणि खाली त्यानं लिहिलं होतं, 'नाशिककरांनो, आवाज आला का?'

शेजारच्या पेठेतला बापू हा आमचा जुना प्रतिस्पर्धी. तो असली संधी सोडत नाही. 'तुमची तालीम फोटोत तरी भरते, हे बघून बरं वाटलं,' त्यानं लिहिलं. 'कुठल्या सालचा फोटो हाय?'

'आजचा,' संभा.

'मग तुमच्या विजूला विचारा की. तो नाशिकलाच असतोय. सरळ माणूस हाय, खोटं बोलायचा न्हाई.'

मग सगळे माझी वाट बघत थांबले. मी तो फोटो मोठा करून एखाद्या रिजेक्ट झालेल्या पार्टसारखा पाहिला. मैदानावरची ती बाजू मी डोळ्यांनी रिकामी पाहिली होती. माणसांआड कुंपण झाकलेलं, मंडप किंवा कडुनिंब कुठंच दिसत नव्हतं. आणि सावल्या. फोटोतल्या माणसांच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या, मी होतो तेव्हा त्या आखूड होत्या. मी लिहिलं, 'मी तिथंच होतो. आपली माणसं मूठभरच होती. सावल्या बघा, हा फोटो आजच्या मॅचचा वाटत नाही.'

वीस वर्षं मापं तपासणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये? सावल्या लांब होत्या, कारण मध्यंतरातले सत्कार लांबले आणि उत्तरार्ध संध्याकाळपर्यंत चालला. फोटो चूक नव्हता. मीच तिथं नव्हतो.

ग्रुपवर हशा उसळला. दुसऱ्या पेठांतले लोक माझं वाक्य पुढं पुढं पाठवू लागले. 'खोटी गॅलरी' हे आमच्या तालमीचं नाव पडलं. नाशिकला न आलेली आमचीच पोरं संभाला विचारायला लागली, कशाला असलं केलंस? त्यानं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं ग्रुप सोडल्याची ती बारीक करडी ओळ दिसली. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गेला.

सोमवारी कँटीनमध्ये रामदास धावतच आला. "विजूभाऊ, तुम्ही गेले आन् खरी मजा तिथून पुढं! तुमच्या बशी आल्या ना. सिन्नरच्या अलीकडं एक बंद पडली व्हती म्हणे, दुसरी तिच्यासाठी थांबली. काय माणसं हो! हरले तरी एक जण उठला नाय. आमचेच लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत बसले." त्यानं फोनमधला व्हिडिओ दाखवला. बांबूचं कुंपण, कडुनिंब, हलगी आणि घसा ताणून ओरडणारा संभा. "मी शब्द मागं घेतो बरं का. लिलावापेक्षा जास्त हाये."

मी तो व्हिडिओ पाहिला, "हो का," म्हणालो आणि पोळीचा घास मोडला.

इथं माझी खरी चूक आहे. रविवारी मी जे लिहिलं ते मला खरं वाटत होतं. सोमवारी ते खोटं आहे हे मला कळलं होतं. एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ लिहायची तर मी कधी उठलो हे लिहावं लागलं असतं, आणि आमच्या गॅलरीत शिट्टीआधी उठणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेही आबांच्या पोरानं. मी गप्प बसलो. आठवडा गेला, मग महिने गेले. 'खोटी गॅलरी' कुणी लिहिलं की मी फोन उलटा ठेवायचो. उलट माझ्या मनात संभाबद्दलच शंका यायला लागल्या. हा भांडत का नाही? याच्याकडं व्हिडिओ असणार, बसमधली एवढी माणसं आहेत, मग हा गप्प का? काहीतरी डाव असणार.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचा फोन आला. जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

"विज्या, सेमीफायनल हाय. येतोस? तुझी जागा धरतो."

बायकोनं माझा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"संभा बोलावतोय. सगळ्यांसमोर माझी उतरवणार."

"मग उतरवू दे," ती शांतपणे म्हणाली. "किती दिवस फोन उलटा ठेवणार?" मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं तरी.

मी गेलो. गॅलरीत चढताना ओळखीचे चेहरे हाक मारत होते, "काय नाशिकवालं, वाट चुकलासा व्हय?" आणि मी प्रत्येक हाकेत टोमणा शोधत होतो. संभा नेहमीच्या पायरीवर होता. केस पिकलेले, आवाज तसाच बसका. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती आणि तापलेल्या दगडावर बारदानाची एक घडी घातलेली होती. मी वाकलो तेव्हा गुळाचा वास आला, की मला तसं वाटलं, कुणास ठाऊक.

"आबांची," तो म्हणाला. "तालमीत ठेवलीया आम्ही. नाशिकलाबी आणली हुती तुझ्यासाठी. घरला येऊन तुला बरोबर घेऊन जायचं, तिथं ही टाकून बसायचं, असं ठरीवलं हुतं. पर बस बंद पडली. फोन केला तर तू उचलंना."

घरात हाईस न्हवं. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच होता.

"संभा, मला बोलायचंय," मी म्हणालो.

"मॅच बघ. शिट्टी होऊ दे."

मॅच मला दिसलीच नाही. मध्यंतराला त्यानं शेंगांची पुडी पुढं केली. मी म्हणालो, "तुला माहीत आहे का, त्या दिवशी मी..."

"तू स्कूटरवरनं गेटातनं भाईर पडत हुतास, तवा मी बसच्या दारात लटकून तुला हाका मारत हुतो," तो शेंग फोडत म्हणाला. "हेल्मेट तुझं."

मी म्हणालो, "मग ग्रुपवर का नाही लिहिलंस? एका ओळीत सुटला असतास. माझंच तोंड बंद झालं असतं."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी आमची भाषाच विसरलो आहे. "बसमधल्या पोरांस्नीबी मीच गप बसवलं. आबांचं पोरगं शिट्टीआधी उठलं, असं मी लिवू व्हय? गॅलरीला काय वाटलं असतं? त्यापरीस खोटी गॅलरी बरी."

उत्तरार्धात मी आबांच्या घडीवर बसून होतो आणि पहिल्यांदाच मला ती जुनी बस वेगळी आठवली. आबा त्या संध्याकाळी स्टँडवर आले नाहीत, कारण ते शिट्टीआधी उठणारे नव्हते. मी गेल्यावरसुद्धा ते तिथंच बसून राहिले. माझी जागा शेजारी रिकामी ठेवूनच बसले असणार. घर सोडलेल्या आम्हा लोकांना वाटतं, आपण गेलो की मागचे सगळे आपापल्या कामाला लागले. मागं कुणीतरी जागा धरून बसलेलं असतं, हे आम्ही वळून बघत नाही. नाशिकमध्ये मी भाडेकरूसारखा राहिलो आणि कोल्हापुरात पाहुण्यासारखा आलो. दोन्हीकडं मला जागा होती. दोन्हीकडची मी तपासत बसलो, बसलो मात्र कुठंच नाही. आता मला घर म्हणजे तो फ्लॅट किंवा ती गल्ली वाटत नाही. जिथं आपल्याला शेवटपर्यंत बसायचं असतं, तेवढंच घर.

शेवटची शिट्टी झाली. आम्ही हरलो होतो. कुणी उठलं नाही. समोरच्या बाजूला बापूची पेठ गुलाल उधळत होती, आणि बापू स्वतः जाळीपाशी येऊन आमच्याकडं बघून ओरडत होता, "खोटी गॅलरी! आज तरी खरी हाय का?"

मी उभा राहिलो. आमच्या रांगा माझ्याकडं बघायला लागल्या.

"संभा," मी म्हणालो, "नाशिकचा तो फोटो खरा होता. मी मध्यंतराला उठून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मला सगळं कळलं, तरी मी गप्प बसलो. माझं चुकलं."

संभा खाली मान घालून बारदानाचा निघालेला धागा आत खोचत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मला काय सांगतोस? मला ठाव हाय. त्या बापूला ऐकू जाईल असं बोल."

मग मी जाळीपर्यंत खाली उतरलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि समोरच्या बाजूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.